देवळाच्या विहिरीतला नारू

माझा डावा घोटा वळत नाही. चालताना पाऊल आधी बाहेर फेकावं लागतं, मग बाकीचं अंग मागून येतं. गावातल्या पोरांनी माझी चाल उचलली आहे आणि ती इतकी हुबेहूब करतात की मलाही हसू येतं. पण हा पाय असा का झाला, असं कोणी विचारलं की आमच्या गावात अजून एकच उत्तर मिळतं. देवाची इच्छा. ते ऐकलं की माझं डोकं फिरतं, आणि फिरलेल्या डोक्यानेच मी हे लिहायला बसले आहे. ज्यांना नारू झाला आहे, पायातून दोऱ्यासारखी अळी निघते आहे, त्यांच्यासाठी हे लिहिते. जे त्यांच्या उशाशी बसून नुसते सुस्कारे टाकतात, त्यांच्यासाठी तर मुद्दाम लिहिते.

आम्ही कॅथलिक. नागाव ओलांडून चौलच्या बाजूला निघालं की नारळी-पोफळीच्या वाड्यांच्या आड आमची थोडी घरं लागतात. चर्चला आम्ही देऊळच म्हणतो. देवळाच्या अंगणात विहीर आहे, पायऱ्यांची. पायऱ्या थेट पाण्यात उतरायच्या. बाया खाली जायच्या, घोटाभर पाण्यात उभ्या राहायच्या आणि हंडा बुडवून भरून घ्यायच्या. आसपासच्या विहिरींचं पाणी मचूळ, देवळाचं तेवढं गोड. त्याच पाण्याने बाप्तिस्मा व्हायचा आणि त्याच पाण्यात डाळ शिजायची. ते पवित्र आहे हे कोणाला शिकवावं लागलं नाही.

आता आमच्या गावाची प्रथा सांगते, कारण सगळं तिथेच आहे. शेवटच्या जेवणाच्या वेळी येशूने शिष्यांचे पाय धुतले. त्याची आठवण म्हणून ईस्टरच्या आधीच्या गुरुवारी, पवित्र गुरुवारी, देवळात बारा जणांचे पाय धुतात. सगळीकडे ते परातीत नाहीतर तस्तात धुतात. आमच्याकडे विहिरीत धुवायचे. बारा माणसं शेवटच्या पायरीवर पाणी घोट्यावर येईल अशी बसायची आणि फादर वाकून एकेकाचे पाय चोळायचे. आणि ही बारा माणसं गावातली दुखणेकरी निवडायची, पायाला जखमा असलेली. येशू दुःखितांपुढे वाकला, म्हणून आपणही तसंच करायचं. ईस्टरआधीच्या उपवासकाळात, होळीच्या सुमाराला, आमच्याकडे घरोघर नारू निघायचे. त्यामुळे बारा जखमी पाय जमवायला कधी अडचण पडली नाही.

इतकी वर्षं एवढं डोळ्यांसमोर चाललं होतं आणि कोणाला काही दिसलं नाही.

फोड

माझ्या घोट्यावर फोड आला तेव्हा मी वाडीत सुपाऱ्या सोलत होते. आधी खाज, मग आग. निखारा बांधल्यासारखी आग. माझा नवरा पास्कू म्हणाला, "नारू दिसतोय. चालायचंच, उपासाचा महिना हाय." जणू नारू म्हणजे उपासाचं एक पथ्यच.

संध्याकाळी इनासकाका आले. देवळाच्या पंचांतले ते थोरले. खळाळून बोलणारे, कोणाच्याही मयताला पुढे, माणूस वाईट नाही. फोड बघून त्यांचा चेहरा उजळला.

"आग्नेस, यंदा बारांमध्ये तुझा नंबर गो! नशीबवान हायस."

मीही हरखले, खोटं कशाला सांगू. गुरुवारी नवं लुगडं नेसून शेवटच्या पायरीवर बसले आणि पाय पाण्यात सोडला. इतक्या दिवसांची आग एका क्षणात शांत झाली. फोड फुटला आणि त्यातून दुधासारखं पांढरं काहीतरी पाण्यात पसरत गेलं. सुटका झाली म्हणून मी रडले. वर उभ्या असलेल्या लोकांना वाटलं, भक्तीने रडते आहे.

दुसऱ्या दिवशी जखमेतून पांढऱ्या दोऱ्याचं टोक बाहेर आलं. ह्या दोऱ्याचं काय करायचं हे आमच्याकडे लहान पोरालाही ठाऊक असतं. टोक बारीक काडीला बांधायचं आणि रोज थोडं, अगदी थोडं, गुंडाळत जायचं. ओढायचं नाही. अळी पुरी बाहेर यायला आठवडेच्या आठवडे लागतात. तुटली तर आत कुजते आणि पाय घेऊन जाते.

गुंडाळायचं काम पास्कूकडे होतं. माझ्या नवऱ्याबद्दल इथे सांगायलाच हवं. तो कामाचा आळशी नव्हता. वाडीत पहाटेपासून राबायचा. तो ठरवण्यात आळशी होता. छपराची कौलं कधी बदलायची, पोरीला शाळेत कधी घालायची, भावाशी भांडण कधी मिटवायचं, कुठलीही गोष्ट त्याने ठरवायची वेळ आली की ती देवाच्या गळ्यात. "देव बघंल." हे त्याचं पालुपद. लोक त्याला श्रद्धाळू म्हणायचे. पण जो माणूस कधी घाई करत नाही, त्याने आयुष्यात एकदाच घाई केली, ती माझ्या पायाशी. ईस्टरनंतरच्या सोमवारी त्याला वाडीत जायचं होतं. काडी हातात धरली आणि म्हणाला, "आता सैल झालाय, निघंल." आणि ओढलं.

तुटलं.

पाय मांडीपर्यंत सुजला. अंगात ताप चढला. पास्कू बाजेशी उभा राहिला, कपाळावर क्रूस काढला आणि म्हणाला, "देव बघंल."

मी तापातच ओरडले, "देव बघतोच हाय! तू गाडी जुंप!"

अलिबाग

दवाखान्यात डॉक्टर तरुण होते. त्यांनी पाय बघितला आणि पास्कूकडे असं पाहिलं की तो भिंतीला टेकला. मग मला विचारलं, "पाणी कुठलं पिता?"

"देवळाच्या विहिरीचं."

"पायऱ्यांची?"

"हो."

"फोड फुटला तेव्हा पाय पाण्यात होता का?"

मी गुरुवारचं सगळं सांगितलं. बारा जणांचं, पायरीचं, त्या दुधासारख्या पांढऱ्याचं. मग त्यांनी मला जे समजावलं ते मी जसंच्या तसं इथे सांगते, कारण ते कळायला शाळा लागत नाही. ते पांढरं म्हणजे नारूची पिल्लं, डोळ्यांना न दिसणारी. ती पाण्यातल्या बारीक किड्यांच्या पोटात जातात. ते पाणी आपण न गाळता प्यायलो की आपल्या पोटात. वर्षभर आत वाढतात आणि पुढच्या उपवासकाळाला पायातून डोकं काढतात. जाड फडकं दुहेरी करून पाणी गाळलं तर किडे फडक्यात राहतात. एवढंच.

"त्या विहिरीचं पाणी आणखी कोण पितं?" त्यांनी विचारलं.

"सगळं गाव." हे म्हणताना माझ्या डोळ्यांपुढे गाव आलंच नाही. माझी सात वर्षांची रोझी आली, पितळेच्या फुलपात्राने गटागट पाणी पिणारी.

पायाची चिरफाड त्यानंतर झाली, पण मला भीती पायाची वाटलीच नाही. मी पास्कूचा हात धरला. "माझ्या ट्रंकेत जुनं जाड लुगडं हाय. ते फाड. दुहेरी करून हंड्याच्या तोंडाला बांध. आजपासून रोझीला गाळल्याबिगर एक थेंब द्यायचा न्हाय. कळलं?"

"व्हय, व्हय."

"माझ्या गळ्याची शपथ घे."

"व्हय म्हटलं ना."

वॉर्ड

सकाळी गरम पाण्याचा शेक, मग ड्रेसर येऊन जखमेतली पट्टी ओढून काढायचा आणि नवी भरायचा. तेवढा वेळ मी पलंगाची दांडी धरून जपमाळ म्हणायचे, आणि मधूनमधून जपमाळेत नसलेले शब्दही म्हणायचे. त्याबद्दल मी पापकबुली दिलेली नाही. शेजारच्या खाटेवर तळा गावाकडची सगुणा होती, हात मोडून आलेली. चांगला हात तेवढा एकच, पण त्याने ती रोज माझे केस विंचरून द्यायची. मी तिला भाकरी मोडून द्यायचे. दोघींचं मिळून एक धड शरीर होतं.

पडून राहण्यावरून मला एक गोष्ट कळली. नारूच्या रोग्याने हलायचं नाही, घाई करायची नाही, रोजचं ठरलेलं तेवढं सोसायचं. ते पडून राहणं म्हणजे काम आहे, आणि मी आयुष्यात इतकं अवघड काम दुसरं केलं नाही. आळशी मी नव्हते. आळशी ते होते जे दोन पायांवर चालत मला भेटायला आले.

इनासकाका केळ्यांचा घड घेऊन आले. उशाशी बसले, डोळे मिटले आणि म्हणाले, "देवानं तुला दुःखासाठी निवडलं गो. त्याची इच्छा."

"काका, विहिरीनं निवडलं," मी म्हटलं. "डॉक्टर म्हणतात, पाय विहिरीत धुतात त्यानं व्हतं. पुढल्या वर्षी परातीत धुवूया. आणि पायऱ्या बंद करून कप्पी लावूया. चिरे तर पडलेलेच हायत."

चिरे म्हणजे जांभ्या दगडाचे घडीव चिरे. आरोग्य खात्याचा माणूस मागे येऊन गेला होता. विहिरीला कठडा घाला, सिमेंट सरकार देईल, राबणूक तुमची, असं सांगून गेला. फादरने चिरे आणवलेसुद्धा. ते विहिरीच्या कडेला रचून ठेवले आणि त्यावर शेळ्या चढू लागल्या.

इनासकाकांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. "बघू गो. देवाच्या मनात आलं म्हंजे व्हईल."

ते गेल्यावर सगुणाने विचारलं, "ते दगड कवापास्नं पडलेत?"

"रोझी रांगत होती तेव्हापासून."

ती खूप हसली. तिच्या गावाने एका उन्हाळ्यात पायऱ्या बुजवून कप्पी लावली होती, बायांनी माती वाहिली होती. मग म्हणाली, "तुमचा देव लई भला हाय बाय. सगळं त्याच्यावर ढकललं तरी बोलत न्हाय."

मला राग यायला हवा होता. आलाही. पण सगुणावर नाही.

लुगडं

घरी आले तेव्हा घोटा कायमचा आखडला होता. दारात रोझी पळत आली आणि तिने माझ्यासाठी तांब्याभर पाणी आणलं. तांब्यात बघितलं तर तळाशी काडीकचरा. मी तशीच आत गेले, ट्रंक उघडली. लुगडं घडी घातलेलं, कापूर ठेवलेलं, जसंच्या तसं.

पास्कू खाली बघत उभा होता. "इनासकाका म्हनले, देवळाचं पानी गाळायचं म्हंजे विहिरीचा अपमान. लोक काय बोलतील? मंग मी म्हटलं..."

"काय म्हटलंस? देव बघंल?"

मी ते लुगडं तिथेच दातांनी फाडलं. मी त्या दिवशी जे बोलले ते लिहिण्यासारखं नाही. एवढंच सांगते की मी त्याला क्षमा केली नव्हती, आणि आज जी केली आहे तीसुद्धा पुरती नाही. मला एवढंच हवं होतं की माझ्या पोरीच्या पायातून पुढच्या वर्षी काही निघू नये. त्यासाठी त्याला फक्त एक फडकं बांधायचं होतं.

त्या दिवसापासून आमच्याकडे गाळलेलं पाणी. विहिरीवर बाया चेष्टा करायच्या. "आग्नेस देवाला फडक्यातून गाळतं गो!" मी म्हणायचे, "देव गाळला जात न्हाय, तुमची अक्कल गाळून बघा काही उरतं काय." फादर म्हातारे, लांबून यायचे, एक रविवार सोडून. त्यांना सांगितलं तर म्हणाले, प्रथा गावाची आहे, पंचांनी ठरवावं. पंचांना सांगितलं तर म्हणाले, विधी देवळाचा आहे, फादरने सांगावं. मी लंगडत दोघांच्या मध्ये वर्षभर फेऱ्या घातल्या. रोज संध्याकाळी रोझीचे पाय मांडीवर घेऊन बोटाबोटातून बघायचे. ती म्हणायची, गुदगुल्या होतात.

रोझी

पुढच्या उपवासकाळात तिच्या नडगीवर फोड आला.

मी ओरडले नाही की रडले नाही. फोडावर कोरडी पट्टी बांधली आणि तिला बजावलं की हा पाय कुठल्याही पाण्यात घालायचा नाही. ती विचारू लागली, "आये, देवानं मला का दिला?" मी म्हटलं, "देवानं न्हाय दिला. मोठ्या माणसांनी दिला." तिच्या बापाने ते ऐकलं आणि तो मागच्या अंगणात निघून गेला.

पवित्र गुरुवारी सकाळी इनासकाका दारात. तोच उजळलेला चेहरा. "इतक्या कोवळ्या पोरीला मान मिळतोय. बारांमधी यंदा रोझी."

तेव्हा मात्र माझा बांध फुटला. "काका, माझ्या पोरीचा पाय त्या पाण्यात जाणार न्हाय. आन बाकीच्या अकरांचापन न्हाय."

"देवाच्या कामात आडवी येतंस?"

"देवाचं काम कुठलं आन आपलं कुठलं, एवढं तरी कळतंय काय तुम्हाला? काना गावच्या लग्नात येशूनं पाण्याचा द्राक्षारस केला. रांजण कोणी भरले? नोकरांनी भरले. काठोकाठ भरले. तो काय एका शब्दात रांजण भरू शकला नसता? पण जे माणसाला जमतं ते त्यानं माणसालाच करायला लावलं. तुम्ही रांजण भरत न्हाय, वर म्हंता द्राक्षारस झाला न्हाय ही देवाची इच्छा!"

आवाज ऐकून गल्ली जमली. मी आणखी बोलत बसले नाही. बोलून वर्ष गेलं होतं. तशीच देवळाच्या अंगणात गेले आणि ढिगातला वरचा चिरा उचलला. जांभा जड असतो. फेकल्या पायाने तो वाहून नेणं म्हणजे काय ते मला विचारा. पहिला चिरा वरच्या पायरीवर आडवा टाकला, मग दुसरा.

"पवित्र गुरुवारी दगड उचलतंस? पाप हाय!" कोणीतरी म्हणालं.

पास्कू फणसाखाली उभा होता. मी हाक मारली, "ये इकडं." तो हलला नाही. पुन्हा हाक मारली, ह्या वेळी अशी की देवळातली कबुतरं उडाली. तेव्हा तो आला, सदरा काढून चिऱ्यांच्या ढिगावर ठेवला आणि माझ्या हातातला चिरा घेतला. माझ्याकडे बघितलं नाही. त्याच्यामागून एक जण आला, मग आणखी काही. कोणाला साक्षात्कार झाला असं समजू नका. लंगडी बाई दगड वाहते आहे आणि आपण हात बांधून उभे आहोत, ह्याची लाज वाटली. मला लाजही चालली.

संध्याकाळी फादर आले तेव्हा पायऱ्यांवर कमरेएवढी ओबडधोबड भिंत उभी होती. त्यांनी भिंतीवरून वाकून खाली पाण्यात बघितलं. मग म्हणाले, "परात आणा." बारा जणांचे पाय त्या वर्षी परातीत धुतले आणि पाणी लांब तापल्या वाळूत ओतलं. रोझीचा पाय फादरनी नुसत्या ओल्या फडक्याने पुसला.

रोझीचा नारू मी गुंडाळला. दुसऱ्या कोणाला काडीला हात लावू दिला नाही. रोज एवढा एवढासा. ज्या दिवशी तो सुटा होऊन काडीसकट माझ्या हातात आला त्या दिवशी मी चुलीत टाकून जळेपर्यंत बघत उभी राहिले. पोरगी आता धावते. पाय सरळ आहे.

मेणबत्ती

नंतर सिमेंट आलं, भिंत पक्की झाली, वर आडवी तुळई घालून कप्पी लागली. ज्यांच्या पोटात आधीचं पाणी होतं त्यांना पुढच्या वर्षी एकदा निघाला. त्यानंतर आमच्या गावात नारू नाही.

आणि आता काय चाललंय ते ऐका. गाव म्हणतं, चमत्कार झाला. देवाने विहीर शुद्ध केली. इनासकाका पाहुण्यांना भिंत दाखवतात आणि हात जोडतात. गेल्या सणाला भिंतीत कोनाडा केला, तिथे मेणबत्ती लावायचा मान मला दिला. सगळे नवे कपडे घालून उभे. मी मेणबत्ती हातात घेतली. शेजारी एक सून पाणी ओढत होती, आणि कप्पी अशी करकरत होती की प्रार्थनेचा शब्द ऐकू येईना. दोरही झिजून बारीक झालेला. हा दोर तुटला की काय होणार ते मला ठाऊक होतं. चार दिवस कप्पी बंद, मग कोणीतरी भिंतीचे दोन चिरे काढणार, आणि बाया पुन्हा पायरीवर उतरणार.

देव आहे. माझा विश्वास तुमच्याइतकाच आहे, कदाचित जास्त, कारण मी त्याला माझ्या वाट्याची कामं सांगत नाही. त्याने गोडं पाणी दिलं. ते गोडं ठेवणं माझ्याकडे आहे.

मी मेणबत्ती इनासकाकांच्या हातात परत दिली. म्हटलं, "ही नंतर लावा. आधी कप्पीला तेल घाला. आन नवा दोर आणा."

सगळे एकमेकांकडे बघू लागले. कोण जाणार, कधी जाणार, सण झाल्यावर बघू. मागून पास्कू निघाला. घरी गेला आणि खोबरेलाची बाटली घेऊन आला, खांद्यावर नवा दोर. मला पहिल्यांदाच दोनदा सांगावं लागलं नाही.